मंठ्याच्या मामांशेजारची जागा

आमच्या काकूशी माझं वैर होतं, असं तिला कुणी सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती. वैराला दोन माणसं लागतात आणि काकूला या वैराचा पत्ताच नव्हता. चाळीसहून जास्त वर्षं मी ते एकटीनंच चालवलं. तहसील कचेरीत आवक-जावकचं टेबल चालवते तसंच. नेमानं, आणि कुणी कौतुक करील अशी आशा न धरता.

कारण होतं फोटो.

त्याचं असं आहे, प्रत्येक घराण्यात गोष्टी सांगणारी एक बाई असते. कोणाच्या वरातीत घोडी उधळली, कोणत्या जावयानं रुसून ताट सरकवलं आणि मागच्या दारानं येऊन तेच ताट कसं चाटूनपुसून खाल्लं, हे तिला तोंडपाठ असतं. जे तोंडपाठ नसतं ते ती ऐन वेळी रचते. आमच्या घराण्यात ती बाई मी. आमचं गाव कुंभार पिंपळगाव, पण माणसं आता जालना, अंबड अशी पांगलेली. भेट व्हायची ती लग्नाकार्यातच. जेवणं उरकली की सतरंजीवर माझ्याभोवती गोतावळा जमायचा. मी आधी खाकरायची, मग पाण्याचा एक घोट घ्यायची, मग पदर सावरून म्हणायची, "तर काय झालं..." हे खाकरणं आणि तो घोट मी घरी आरशासमोर बसवलेला होता, हे आज पहिल्यांदाच कबूल करते.

गोष्ट ऐन रंगात यायची आणि मांडवाच्या कोपऱ्यातून आवाज यायचा. खर्र.

तो साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज. काकूनं चिकटवही बाहेर काढली, याची ती वर्दी. आधी पोरं उठायची, मग सुना, मग गुडघ्याचं कारण सांगून जेवायलासुद्धा खुर्चीवरून न उतरलेली आमची आत्या तुरुतुरु तिकडं. माझ्यासमोर एखादा बहिरा पाहुणा उरायचा, आणि माझी वरातीतली घोडी पुढचे दोन पाय वर करून तशीच हवेत.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. काका अंबडच्या कोर्टात कारकून होते, म्हणून त्यांचं बिऱ्हाड अंबडला. काकू अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक, शिक्षण सातवी. कानामागं मात्र पेन्सिलीचा एक तुकडा कायम, सुताराच्या असतो तसा. भाकरी थापतानाही तो तिथंच. त्या पेन्सिलीनं ती काय लिहिते, हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

वही तिनं बाइंडरकडून शिवून घेतली होती. लाल कापडाच्या पाठीची, बसायच्या पाटाएवढी. दुकानातला डिंक तिला बिलकुल चालत नसे. मैद्याची खळ ती स्वतः शिजवायची, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालायची. ते भांडं वेगळं, फळीवर सगळ्यात वरती ठेवलेलं. लग्नसराई तोंडावर आली की तिच्या घरात त्या खळीचा आंबूस वास सुटायचा आणि आम्हाला कळायचं, पंगत बदलून राहिली आहे.

कारण काकू फोटो चिकटवत नसे, पंगत बसवत असे.

"सालवार कशाला लावायचे?" ती म्हणायची. "जेवायला आपण सालवार बसतो का? कोणाच्या बाजूला कोण बसलं म्हंजे घास गोड लागंल, ते पाहायचं."

त्यामुळे तिच्या वहीत कितीतरी वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या आजोबांशेजारी, आबांशेजारी, परवा बारसं झालेलं त्यांचं पणतवंड असायचं. का, तर दोघांच्याही डोक्यावरची टोपी काढली की दोघंही चिडतात. आत्याला उकडतं म्हणून तिचा फोटो पानाच्या कडेला, वाऱ्याला. दोन जावांचं पटत नसेल तर मधे एखादा शांत जावई. आणि या जागा दरवर्षी बदलायच्या, म्हणून फोटोच्या फक्त वरच्या कडेला खळ. बाकीचा फोटो मोकळा, खिडकीच्या पडद्यासारखा. पण तो पडदा उचलायची कुणाला परवानगी नव्हती. "पुढचं तुमचं, मागचं माझं," एवढंच ती म्हणायची. एकदा मी एका फोटोखाली हळूच बोट घातलं तर हातावर सटकन फटका बसला. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि माझी दोन लेकरं बाजूला उभी राहून पाहत होती.

काकूचा स्वतःचा फोटो वहीत नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायची, "वाढणारी बाई पंगतीत बसत असती का? माझं मागून."

दादा आणि काका यांच्यात एकदा विहिरीच्या पाळीवरून बिनसलं. मोसंबीला पाणी कुणी कोणत्या वारी द्यायचं, एवढंच. पण आठ महिने दोघं भाऊ बोलत नव्हते. हे खातं माझं, असं समजून मी कामाला लागले. दादांना जाऊन काकांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायच्या, काकांना दादांच्या. दोघंही ऐकायचे, डोळे पुसायचे, म्हणायचे, "काय सुंदर सांगती गं तू," आणि पाळीवर तसेच अडून राहायचे.

मग एका बारशात काकूची पिशवी वाजली. वही उघडली तर दादा आणि काका यांच्या फोटोंच्या मधोमध कॅलेंडरचं पान उभं चिकटवलेलं.

"हे काय?" दादांनी विचारलं.

काकूनं पदर पुढं घेतला. "आडपडदा हाये, दादा. तुम्ही दोघं एकमेकाचं तोंड पाहून न्हाई राह्यले. मंग फोटोंना तरी कशाला तरास?"

काका वहीवर वाकले, पान निरखलं आणि पुटपुटले, "निदान चालू सालाचं तरी लावायचं."

आधी दादा हसले. मग काका. मग दादाच म्हणाले, "काढा ते, जल्दी काढा. लोकं पाहून राह्यले." काकूनं ओल्या फडक्यानं पान सोडवलं आणि दोघं भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसले.

माझी आठ महिन्यांची मेहनत मागच्या सालातल्या जुलै महिन्यानं एका मिनिटात उरकली. परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. भाऊ एक झाले याचा आनंद होताच. ते माझ्यामुळं झाले नाहीत, याचं दुःख त्या आनंदापेक्षा चार बोटं वर होतं.

आणि माझी स्वतःची जागा? तीच तर खरी आग होती.

वहीत माझा एकच फोटो होता. सहा वर्षांची मी, दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली आणि तोंड उघडं. फोटोवाला "गप राहा" म्हणत असताना मी बोलत होते, हे स्पष्ट दिसतं. सगळ्यांच्या जागा दरवर्षी बदलायच्या, माझी कधीच नाही. आईशेजारी नाही, दादांशेजारी नाही. माझ्या शेजारी कायम एक परका माणूस. उंच, पांढरा फेटा, बगलेत छत्री, उन्हानं एक डोळा मिटलेला, आमच्या विहिरीजवळ उभा. तो कोण, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. काकू त्याला "मंठ्याचे मामा" म्हणायची. आमचं मंठ्याला कुणीही नाही. मामा तर नाहीच नाही. तरी दरवर्षी मोठ्या मानानं त्याला पाट मांडला जायचा आणि त्याच्या बाजूला मला बसवलं जायचं. घरच्या लेकीची ही किंमत, असं मी मनात धरलं होतं.

वर काकू मला हाक मारायची "मास्तरीणबाई". मी दारात दिसले की, "या मास्तरीणबाई, बसा मास्तरीणबाई." आता मला डी.एड.ला दोनदा प्रवेश मिळाला नव्हता, हे सगळ्या घराला माहीत होतं. इतक्या गोड आवाजात इतका बारीक चिमटा काढणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, असं मी माझ्या नवऱ्याला कितीदा तरी सांगितलंय. तो म्हणायचा, "अगं, त्या लाडानं म्हणत असतील." नवऱ्यांना बायकांमधलं काही कळत नाही.

बदला म्हणून माझ्याजवळ एक गोष्ट होती. माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट, आणि ती काकूचीच.

काकू लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची. माहेर बीडकडचं, लहान कुटुंब. इकडं येऊन पाहते तर वीस-बावीस माणसं आणि सगळ्यांच्या डोक्याला फेटे. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर एक भारदस्त माणूस येऊन बसला. काकूनं हातभर पदर ओढला आणि वाकून पाया पडली. तो आमचा सालगडी. बिचारा इतका घाबरला की उठून गोठ्यात जाऊन बसला, तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही. आणि मागून आमचे दादा आले, तिचे थोरले दीर, अख्खं गाव ज्यांना टरकून असायचं ते. त्यांना काकू उघड्या डोक्यानं म्हणाली, "ओ, जरा ती घागर उचलून द्या."

ही गोष्ट मी किती लग्नांत सांगितली याची मोजदाद नाही. दादांची चाल, सालगड्याचं तोंड, सगळं करून दाखवायची. लोक लोळायचे. आणि सांगता सांगता मी चोरून काकूकडं पाहायची, लागलं का म्हणून. काकू सगळ्यात जास्त हसत असायची. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते हसू खोटं असतं तर मला किती बरं वाटलं असतं!

शेवटचा सामना अंबडला झाला, तिच्या नातवाच्या साखरपुड्यात. मी तयारीनं गेल्ते. वही उघडली, सगळे गोल बसले, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काकू, ह्या माणसाला आता वहीतून काढ. हा आपल्यातला न्हाई. जीपचा ड्रायव्हर होता हा. मला दादांनी सांगितलंय."

दादांनी मला असं काहीही सांगितलेलं नव्हतं. पण दादा गेले होते. ते येऊन नाही म्हणणार नव्हते.

"मंठ्याचे मामा हायेत ते," काकू म्हणाली.

"मंठ्याला आपलं कोण हाये?"

"हे हायेत ना."

नवरीकडची माणसंसुद्धा हसली. माझे कान तापले. "तुला कोणी सांगितलं, मामा हाये म्हणून?"

काकूनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "होतं एक जाणकार माणूस."

"कोण ते? नाव सांग ना."

"न्हाई सांगायचं, असं ठरलंय आमचं."

हशा पिकला. आत्या मला म्हणाली, "जाऊ दे गं, एका माणसानं काय पंगत कमी पडून राह्यली का?" काकूनं बोटानं माझ्या फोटोची कड दाबून नीट केली, मामांच्या बाजूला.

त्यानंतर मी अंबडला गेले नाही. कधी मार्चअखेर, कधी निवडणुकीचं काम, कधी कंबर. काकूचे दोनदा निरोप आले, "मास्तरीणबाईला म्हणा, खळ शिजवलीय, या एकदा." मी दीड वर्षानं गेले ती तिच्या दहाव्यालाच.

वर्षश्राद्धाच्या आधी काकूच्या सुनेचा, वैशालीचा फोन आला. ती एका खाजगी शाळेत शिकवते, बोलणं तिचं सडेतोड. वहीतले फोटो स्टुडिओत नेऊन त्यांचं छापील पुस्तक करायचं, घराघरात एकेक द्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. "पण खाली नावं टाकायची हायेत, ताई. तुमच्याशिवाय कोणाला माहीत हाये आता?"

हे वाक्य ऐकायला मी चाळीस वर्षं थांबले होते. ते ऐकवायला काकू तेवढी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी निघाले, ठेवणीतली साडी नेसून. वाटेत मनाशी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, तो छत्रीवाला माणूस पुस्तकातून बाहेर. दोन, माझा फोटो दादांच्या शेजारी. छापलं की छापलं. मग कुणाच्या बापाला खळ लावून जागा बदलता येणार नाही.

वैशाली जमिनीवर बसली होती. ओल्या फडक्यानं फोटोची वरची कड भिजवायची, हलकेच सोडवायचा आणि पालथा वाळत टाकायचा. मी चपला काढते तोवर ती म्हणाली, "ताई, मागं लिहिलंय. पेन्सिलनं."

"सालं असतील."

"सालं न्हाईत. ऐका." तिनं एक फोटो उचलला. "'हे आबा. ह्यांना ऐकू येतं पण न्हाई म्हणतात.'"

मला हसू आलं. आबांचं ते अगदी बराबर होतं.

"'ही आत्या. ही रडली तर भ्यायचं न्हाई, ती तशीच हाये.' 'हे आमचे दादा. लई वरडतात पण मारत न्हाईत. घागर सांगायची न्हाई.'" वैशाली थांबली. "अक्षर आईंचंच हाये. पण बोलणं आईंचं न्हाई वाटत. हे पाहा ना, बाबांच्या फोटोमागं काय लिहिलंय. 'हे काका. हे तुझे हायेत.' आता आई स्वतःच्या नवऱ्याला काका कशाला म्हणतील?"

मी ठेवणीतल्या साडीसकट खाली बसले.

काकू लग्न होऊन आली तेव्हा त्या घरात काकांना काका म्हणणारं एकच माणूस होतं.

मला फुटाणे आठवले. इतकी वर्षं नुसते फुटाणेच आठवायचे, कुठले ते कळायचं नाही. कोठीच्या खोलीत जोंधळ्याच्या पोत्यांवर बसलेली मी, मांडीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात घरातले सगळे फोटो. समोर कुणीतरी नव्या बांगड्यांचं, ओंजळीत फुटाणे, आणि पुन्हा पुन्हा विचारतंय, "आणि हे कोण?" माझी गोष्ट नेहमी गोठ्यात लपलेल्या सालगड्यापाशी संपायची आणि लोक हसायचे. त्या हशानंतर अठरा वर्षांची पोर कुठं गेली, हे मी कधी सांगितलंच नाही. ती पदरात फुटाणे घेऊन माझ्याकडं आली होती. घरात तिला विचारायला लाज वाटणार नाही असं माणूस ते तेवढं एकच होतं, सहा वर्षांचं.

"ताई, ह्याच्यामागं तर मोठं लिहिलंय," वैशाली म्हणाली. तिच्या हातात छत्रीवाला होता. "'हे मंठ्याचे मामा. ह्यांनी वाघ पाह्यला. हे फक्त मला माहीत हाये. कोणालाच सांगायचं न्हाई, शप्पत.'"

तो माणूस कोण, मला त्या वेळीही ठाऊक नसणार. पण नवी काकू पेन्सिल घेऊन समोर बसलेली, आणि 'माहीत नाही' म्हणायचं तर ती ओंजळ मिटायची. मंठा हे तेव्हा मी ऐकलेलं सगळ्यात लांबचं गाव होतं. तिथला एक मामा करून टाकला. कमी पडला म्हणून वाघ घातला. कारागिरी ओळखू आली मला. आजही मी अशीच रचते, वाघाच्या जागी घोडी एवढाच फरक.

आणि काकूनं शपथ पाळली. भर साखरपुड्यात मी तिला खोटं पाडायला उठले तेव्हा तिनं फोटोचा तो पडदा उचलायचाच अवकाश होता. घराण्याची जाणकार बाई तिथंच सगळ्यांसमोर संपली असती.

"आणि हा तुमचा," वैशाली म्हणाली.

मी उलटा केला. पेन्सिल पुसट झाली होती, तरी वाचता आलं. 'ही मी. मला सगळं माहीत असतं.'

हेवा हा माझा जुना सोबती. पण त्या दिवशी तो ज्या माणसाकडं वळला त्याचा मी कधी विचार केला नव्हता. मला त्या सुटलेल्या रिबिनीच्या पोरीचा हेवा वाटला. मी आयुष्यभर मांडव भरभरून माणसं जमवली, खाकरले, घोट घेतले. तिच्यासमोर एकच श्रोता होता. पण तो तिचा शब्द न् शब्द लिहून घेत होता, आणि त्यानं तो खरा मानला.

वैशाली नाक पुसून कामाला लागली. "आईंचा फोटो कुठं टाकायचा? एकच हाये, रेशनकार्डासाठी काढलेला. त्या तर पंगतीत बसायच्या न्हाईत."

"आता बसंल," मी म्हटलं. "सगळ्यांचं वाढून झालंय. माझ्या ह्या बाजूला टाक."

"आणि ह्या बाजूचं काय? हा माणूस काढायचाय ना? तुम्हीच म्हणत होता, जीपचा ड्रायव्हर हाये."

"काढू नको. मंठ्याचे मामा हायेत ते. खाली बराबर तसंच लिही. वाघ पाह्यलेले, असंही लिही."

वैशालीनं पेन उचललं, थांबली आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. शाळेत कॉपी करणाऱ्या पोरीकडं पाहत असेल तसं. "नक्की का, ताई? कोणी सांगितलं?"

मी खाकरले. पाण्याचा घोट घ्यायला समोर पाणी नव्हतं.

"होतं एक जाणकार माणूस," मी म्हटलं.